सात म्हणजे लांब

गणपती गेले की आठ-दहा दिवस कळंबोलीत हवा थांबून राहते. पाऊस संपला म्हणावं तर संपलेला नसतो, आणि आहे म्हणावं तर आभाळात काही नसतं. दुपारी लोखंड तापतं. मार्केटात उघड्यावर रचलेल्या पत्र्यांच्या आणि सळयांच्या थप्प्यांवर ऊन थरथरताना दिसतं. चारच्या सुमाराला प्रबळगडाच्या मागून एक ढग वर येतो, खालून काळा आणि वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा. मी तेव्हा पोळी-भाजी केंद्रातून घरी येत असते. हातांना कणकेचा वास असतो. ढग दिसला की माझे पाय जड होतात आणि त्याच वेळी छातीत काहीतरी हलकं होतं. दोन्ही एकदम. हे असं का होतं ते एकदा लिहून बघावं म्हणून ही वही घेतली. माझ्या मुलीची, मनीषाची, बारावीची वही आहे. मागची पानं कोरी राहिली होती.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. आमच्या माणदेशात अशा माणसाबद्दल दोन गोष्टी सांगतात. कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाने पाय लावला की उतरते. आणि वीज पायाळू माणसाला शोधत येते. पहिल्या गोष्टीमुळे सगळ्या गावाला मी हवी असायची. दुसऱ्या गोष्टीमुळे वळवाच्या दिवसांत मला कुणी शेजारी उभं राहू देत नसे.

आभाळ भरलं की आई मला कणगीत बसवायची. ज्वारी संपत आलेली असायची, त्यामुळे उन्हाळ्यात कणगी रिकामी. वरून पोतं टाकायची. आत धान्याच्या धुळीचा, शेणाने सारवलेल्या कुडाचा वास यायचा, नाक चुरचुरायचं. मग कडकडाट व्हायचा आणि कुडाच्या फटींतून उजेडाच्या बारीक काड्या माझ्या अंगावर पडायच्या. एवढीच वीज मी पाहिली होती. बाकी वीज म्हणजे मला आवाजच. चौथीपर्यंतची शाळा गावात होती म्हणून मी चौथी शिकले. पाचवीची शाळा मोकळ्या माळाच्या पलीकडे होती. आई म्हणाली, माळावरनं पायाळू पोर कुणाच्या भरवशावर पाठवायची? तिथे माझी शाळा संपली. मला आईचा राग नाही. तिने मला जपलं. पण जपण्यात माणूस दिसेनासं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या नवऱ्याचं नाव दत्तात्रय. मी नाव घेत नाही. आज वहीतसुद्धा पहिल्यांदाच लिहिलं, आणि लिहिताना इकडेतिकडे बघितलं. यापुढे 'हे'च लिहीन.

यांची आणि माझी पहिली भेट अशी, की हे आमच्या अंगणात पालथे पडले होते. कळंबोलीच्या लोखंड मार्केटात माथाडी म्हणून नुकतेच लागले होते, सुट्टीला गावी आले आणि पोतं उचलताना उसण भरली. दोघा मित्रांनी सायकलच्या कॅरियरवर आडवंतिडवं धरून आमच्या गावात आणलं. अंगणात घोंगडी टाकली. आई म्हणाली, "घाल गं पाय, डावा घाल." परक्या बाप्याच्या पाठीवर पाय ठेवायचा. मी डोळे मिटले आणि तीन वेळा पाय लावला. खालून आवाज आला, "अजून एकदा. नीट लागला नाही."

मित्र हसले. आईसुद्धा हसली. मी घरात पळाले ती संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही. महिन्याभरात मागणी आली. लग्नात माझी नणंद सगळ्यांना सांगत होती, "हिनं आदी लाथ मारली आन् मग माळ घातली." हे पुढे कितीतरी वर्षं पाठ दुखली की म्हणायचे, "पायाळूबाई, या जरा." पाठ दुखत नसली तरी म्हणायचे.

तर अशी मी कळंबोलीत आले. जिकडे बघावं तिकडे लोखंड आणि डोक्यावर विजेच्या मोठ्या तारांचे मनोरे, रात्रंदिवस गुणगुणणारे. पायाळू बाईला याहून वाईट गाव शोधून मिळालं नसतं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या गावाकडून आमच्याकडेच राहायला आल्या. गडगडायला लागलं की त्या स्वयंपाकघरातून लोखंडी उलथनं आणून गॅलरीतून खाली अंगणात टाकायच्या. विजेने घरावर यायच्या ऐवजी त्या लोखंडावर जावं म्हणून. हे हसायचे.

"आई, समोर आख्खं मार्केट लोखंडाचं आहे. तुझं उलथनं तिला कुठं दिसणार?"

"तुला काय ठावं? मार्केट मार्केटवाल्यांचं. घरटी आपापलं टाकावं लागतं."

खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची, "आजी, आज पण आलं बघा तुमचं विमान!" मग पाऊस थांबला की मी खाली जाऊन उलथनं आणायचं, धुवायचं आणि त्याच्यावरच संध्याकाळची थालीपिठं उलटायची. कडकडाट चालू असताना मी लाकडी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गोधडी घेऊन बसायची. कणगी सुटली होती, पण सवय सुटली नव्हती. मनीषा लहानपणी तिच्या मैत्रिणींना सांगायची, "आमची आई पावसाळ्यात सुट्टीवर असते."

मला जो हंगाम आठवतो तो चार वर्षांपूर्वीचा. परतीचा पाऊस त्या वर्षी खूप रेंगाळला. हे तेव्हा क्रेन चालवायचे. हमालीतून शिकत शिकत वर केबिनमध्ये बसायला लागून बरीच वर्षं झाली होती. त्या वर्षी यार्डात नवीन नियम आला, की गडगडायला लागलं की क्रेन बंद करायची आणि ऑपरेटरने खाली उतरायचं. उंच लोखंडात बसलेल्या माणसाला तो नियम इतक्या वर्षांनी मिळाला. मग ढग आले की हे खाली येऊन वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत बसायचे. हाताला काम नाही. आणि हातात मनीषाने पहिल्या पगारातून घेतलेला नवा मोबाईल.

पहिली वीज चुकून मिळाली. भिजत चाललेल्या मालाचा व्हिडिओ काढून मालकाला दाखवायचा होता. तो काढताना मागे आभाळ फाटलं. संध्याकाळी हे दुधाच्या पिशवीत मोबाईल गुंडाळून घरी आले. पाऊस अजून चालू होता आणि मी फटीत होते. पलंगावर पालथे झोपून यांनी मान फटीत घातली.

"डोळे उघड. ही चावत नाही."

"नको."

"अगं, होऊन गेलेली आहे ती. शिळी वीज आहे."

मी बोटांच्या मधून बघितलं. आधी नुसता करडा पाऊस, पत्र्याच्या गुंडाळ्या, एक ड्रायव्हर डोक्यावर पाटी धरून पळतोय. मग एकदम सगळं जांभळं पांढरं झालं. ओला पत्रा, डबकं, ड्रायव्हरची पाटी, लांबचा प्रबळगड, सगळं एका क्षणात धुऊन ठेवल्यासारखं दिसलं आणि गेलं. आणि मोबाईलच्या मागून यांचा आवाज आला, शांत, जरा घोगरा.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. लांब आहे. भिऊ नको."

मग गडगडलं.

मी विचारलं, "कुणाला सांगताय?"

"तुला. ती सापडली तसं म्हटलं, घरी दाखवू."

मी चाळीस ओलांडलेली बाई. त्या दिवशी पहिल्यांदा वीज पूर्ण बघितली. मला वाटायचं ती भाल्यासारखी सरळ येत असेल, माझ्या रोखाने. ती तशी नव्हतीच. ती उपटलेल्या हळदीच्या मुळ्यांसारखी होती, इकडे फुटलेली, तिकडे फुटलेली, वाट चुकत चुकत खाली येणारी. मी यांना म्हणाले, "हिला तर कुठं जायचं तेच माहीत नाही." हे इतके हसले की आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, "काय गोंदाळ लावलाय? वर काय चाललंय आन् खाली काय!"

त्यानंतर यांना नादच लागला. ट्रकवर लोखंडाच्या गुंडाळ्या घसरू नयेत म्हणून खाली लाकडाचा गुटका लावतात. तसला एक गुटका घेऊन यांनी करवतीने त्यात खाच पाडली आणि मोबाईल त्यात उभा करायला लागले. म्हणजे हात हलत नाही. काय चुकलं ते रोज मला सांगायचे. वीज दिसल्यावर बटण दाबलं तर नुसता अंधार मिळतो. तेवढ्यात ती गेलेली असते. "आधी चालू करायचं आणि मग वाट बघायची. येईल का नाही, विचारायचं नाही." घरी आल्यावर जाड अंगठ्याने तो व्हिडिओ इंच इंच सरकवायचे. खूप मागे जायचं, खूप पुढे जायचं. मग मध्येच ती सापडायची, थांबायची, आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. "पकडली," म्हणायचे. आम्ही दोघं पलंगावर पालथे पडून विजेकडे बघायचो. यांच्या अंगाला ग्रीसचा आणि ओल्या लोखंडाचा वास यायचा. ओलं लोखंड थोडं रक्तासारखं लागतं नाकाला. दुसऱ्या कुणाला तो वास आवडणार नाही.

पंधरा-सोळा व्हिडिओ झाले असतील. कितीतरींमध्ये वीज नव्हतीच. नुसतं काळं आभाळ, पत्र्यावर पावसाचा ताशा आणि मागे यार्डातल्या माणसांचं बोलणं. कुणीतरी चहाला चल म्हणतंय, यांचा मित्र सर्जेराव, जो क्रेनच्या हुकाला माल अडकवायचा, तो म्हणतोय, "दत्तोबा, ईज काय पगार देती का?" आणि हे म्हणतायत, "आज रुसली वाटतं." असले रिकामे व्हिडिओ हे पुसून टाकायला निघायचे आणि मी पुसू द्यायची नाही. मला तेच जास्त आवडायचे.

मोजताना हे सातच्या पुढे कधी जायचे नाहीत. गडगडाट दहाव्याला येवो की बाराव्याला, हे सातला थांबायचे आणि म्हणायचे, लांब आहे, भिऊ नको. मी एकदा विचारलं, "आठला वाजली तर?" म्हणाले, "सात म्हणजे लांब. लांब झाल्यावर पुढचं मोजून काय करायचं?" मला वाटलं, ही यांचीच काहीतरी गंमत.

त्या हंगामात एक संध्याकाळ अशी आली की हे घरी होते. दसरा दोन दिवसांवर होता, मी डबे घासून गॅलरीत पालथे घातले होते. ढग आला. यांनी गॅलरीच्या कठड्यावर गुटका ठेवला, मोबाईल लावला आणि आत येऊन माझ्यापुढे हात धरला. "चल. आज ताजी बघ." मी उठले. खरंच उठले. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. उंबऱ्यापासून कठडा चार पावलं. बाहेर डब्यांवर टपोरे थेंब वाजायला लागले होते आणि यांचा हात पुढे तसाच होता. माझे पाय हलेनात. ज्या पायांनी मला जन्मापासून नाव दिलं, ते पाय.

हे रागावले नाहीत. "बरं," म्हणाले, "तू तिथं थांब, मी इथून मोठ्यानं मोजतो." आणि मोजलं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. खालची बाई म्हणाली, "भाऊ, शाळा उघडली काय?" मी उंबऱ्यात डोळे मिटून उभी होते. तो व्हिडिओही होता. त्यात वीज होती, डब्यांचा आवाज होता, यांचं मोजणं होतं, आणि शेवटी हे मागे वळून म्हणाले होते, "आहेस ना गं?" आणि मी म्हणाले होते, "आहे."

ती चार पावलं मी मनात हजार वेळा चालले आहे.

पुढच्या उन्हाळ्यात यांच्या पायांवर सूज आली. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातावर सुयांच्या गाठी उठल्या. क्रेनच्या शिडीवरून रोज चढणारा माणूस आमच्या एका मजल्याच्या जिन्यात तीनदा बसायला लागला. आत्याबाई गावी जाऊन कुणा जाणत्या बाईला विचारून आल्या. आल्या त्या पाय न धुताच माझ्यासमोर बसल्या.

"त्या मोबाईलात इजा हायत न्हवं?"

मी मान हलवली.

"पायाळूच्या घरात ईज भरून ठिवलीया तुमी. रोज रातच्याला उघडून बघताय. मग ती दुसरं कुणाला धरंल? तुला धरायला आली आन् माझ्या लेकाला घावली. पूस ती. आत्ताच्या आत्ता पूस."

मी आत्याबाईंचं नाव पुढे करून मोकळी होऊ शकते. मनीषालाही मी तेवढंच सांगितलं आहे. पण वहीत खोटं का लिहू? मलाही वाटलं. कणगीत बसवलेल्या पोरीला आतून हेच वाटत असतं, की आपल्यामुळे काहीतरी होणार आहे. मी मोबाईल घेऊन संडासात गेले, दार लावलं आणि एकेक करून पुसले. प्रत्येक वेळी मोबाईल विचारायचा, नक्की काढायचं का? मी हो करायची. विजेचे पुसले. रिकामेही पुसले, कारण कुठे वीज लपली असेल कोण जाणे. डब्यांचा शेवटी राहिला. तोही पुसला. तेव्हा मला वाटत होतं की मी वीज पुसते आहे. आवाज पुसला जातोय हे ध्यानातच आलं नाही. आवाज तर बाहेर खोलीत होता, पाणी मागत होता.

दोन-तीन दिवसांनी हे म्हणाले, "ती प्रबळगडाची लाव गं, मोठी."

मी म्हणाले, "मोबाईल बिघडलाय. दिसेना झालेत."

यांनी जरा वेळ छताकडे बघितलं. म्हणाले, "असू दे. गणपतीनंतर परत काढू."

त्या आषाढात हे गेले. गणपतीपर्यंत पोचले नाहीत.

पुसलेलं परत मिळतं असं कुणीतरी बोलताना ऐकलं. मग मी कोपरखैरण्याला एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकानात गर्दी होती, मी तीन वेळा दुकानावरून पुढे गेले आणि चौथ्यांदा आत शिरले. पोरगेलासा माणूस होता, चांगला होता. म्हणाला, "काकी, डिलीट झालं तेव्हा लगेच आणायचा ना. आता त्याच्यावर दुसरं भरलंय." दुसरं काय भरलं होतं? गुड मॉर्निंगची फुलं, भिशीच्या बायकांचे निरोप. यांच्या आवाजावर मी रोज सकाळी फुलं ठेवत होते आणि मलाच माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी सर्जेराव भाऊजी मनीषाच्या घरी, खांदेश्वरला, वास्तुशांतीला आले होते. जेवताना म्हणाले, "वहिनी, दत्तोबाची एक ईज माझ्याकडं हाय की! मी स्टेटसला ठिवली हुती."

माझ्या हातातली वाटी कलंडली. भाऊजींनी मोबाईल काढला. मी पदराला हात पुसून पुसून तो घेतला. तेच यार्ड, तोच पाऊस. ती प्रबळगडाची मोठी वीज आली, आभाळभर फुटली. मी कान लावला. गाणं वाजत होतं. कुठलंतरी ढोलाचं, उडतं गाणं.

"आवाज कुठंय?"

"कुठला?"

"यांचा. मोजायचे ना."

भाऊजींचा चेहरा उतरला. "स्टेटसला गाणं लावलं हुतं वहिनी. भारी वाटत हुतं. गाणं लावलं की खालचा आवाज जातो." मग म्हणाले, "मूळचा हुता. फोन बदलला त्यात गेला." मला त्यांचीच दया आली. माझ्याकडे आता ती वीज आहे. कधीतरी बघते, आवाज बंद करून. यांचे ओठ असतील मागे, सहा म्हणत असतील, सात म्हणत असतील.

आत्याबाई आणि मी, आता दोघीच घरात. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. आमच्यात भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही फार नाही. चहा ठेवला, चहा घेतला. औषध खाल्लं का, खाल्लं. त्या दिवसाबद्दल दोघींनी कधी तोंड उघडलं नाही. मला वाटायचं, आत्याबाईंना काय कळणार मी काय पुसलं ते. त्यांना तर मोबाईल धरतासुद्धा येत नाही.

या वर्षी मी गुटका माळ्यावरून काढला. का ते सांगता येणार नाही. लाकडाला अजून ग्रीसचा थोडा वास होता, किंवा मला आला. गेल्या शुक्रवारी पाचच्या सुमाराला ढग आला, तेव्हा मी गॅलरीचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. आत्याबाई पलंगावर बसून बघत होत्या. या वेळी उलथनं घ्यायला त्या उठल्या नाहीत. गुडघे उठू देत नाहीत.

"कुठं निगालीस?"

"इथंच."

"आगं, इजा चमकत्यात."

"हो."

मी चार पावलं चालले. चारच. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. कठड्याचं लोखंड गार लागलं. गुटका ठेवला, मोबाईल लावला, आधी चालू केला आणि वाट बघायला लागले. खाली मार्केटातून गंजाचं तांबडं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत होतं. मनोऱ्यांच्या तारा गुणगुणत होत्या. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आज रुसली वाटतं. आणि असं वाटलं तेव्हाच आली.

मी ती कशी होती ते सांगू शकत नाही. मोबाईलमध्ये ती तळहाताएवढी असायची. इथे ती माझ्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या हाताचा धक्का लागून गुटका कलंडला. मोबाईल पडता पडता मी छातीशी धरला. पळावं म्हटलं तर पाय नाहीत. मला मोजायचंही सुचेना. मला एवढंच कळत होतं की उजेड येऊन गेलाय आणि आवाज अजून यायचा आहे, आणि या मधल्या जागेत मी एकटी आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. हाडकुळी, खरखरीत बोटं. भिंत धरत धरत आत्याबाई बाहेर आल्या होत्या. आणि कानाशी आवाज आला.

"येक. दोन. तीन. च्यार. पाच. सा. सात. लांब हाय. भिऊ नगंस."

मग गडगडलं. कितीतरी वेळ गडगडत राहिलं, प्रबळगडापासून खाडीपर्यंत.

मी वळून बघितलं. आत्याबाईंचं पातळ वाऱ्याने उडत होतं. "तुम्ही हे... तुम्हाला कुणी शिकवलं मोजायला?"

"मला कोण शिकिवतंय? मीच त्याला शिकिवलं." त्या धापा टाकत होत्या. "रानात शेरडं घिऊन जायाचा न्हवं बारका असताना. ईज झाली की भ्यायाचा, शेरडं सोडून पळत यायाचा. मग म्या सांगितलं, मोज. शाळंत जायाच्या आदी त्याला सातापातूरच मोजाया येत हुतं. म्हनलं सातापातूर मोज, सात झालं की लांब गेली समज."

पाऊस जोरात आला. मी आत्याबाईंना आत आणून बसवलं. त्यांचं डोकं पुसलं, माझं पुसलं. चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर त्या माझ्या मोबाईलकडे बघत म्हणाल्या, "घावली का?"

मी लावून बघितलं. वीज नव्हती. सुरुवातीला नुसतं आभाळ, मग सगळं पांढरं, मग एकदम माझ्या पातळाची निळी किनार आणि अंधार. मोबाईल मी छातीशी धरला होता ना. त्या अंधारात माझा श्वास ऐकू येत होता. मग आत्याबाईंचा आवाज आला. येक, दोन, तीन. यांच्यासारखाच घोगरा. 'च्यार'ला जरा थांबून पुढे जाणारा. हेही चारला असेच थांबायचे. मी ते विसरले होते.

आत्याबाईंनी मान तिरकी करून ऐकलं. व्हिडिओ संपला. मग त्यांनी बोटाने खूण केली, परत लाव. मी परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाहेरचा पाऊस ओसरला होता आणि खोलीत त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. लांब हाय. भिऊ नगंस.

त्यांनी हात लांब करून माझ्या हातातल्या मोबाईलवर ठेवला. काचेवर नाही, माझ्या बोटांवर.

"सुमन, ही पुसू नगंस हं."

"न्हाय पुसत, आत्याबाई," मी म्हणाले.